कृष्णविवरं जन्मतात कशी, वाढतात कशी? औंढा नागनाथच्या वाटेवरून समजून घेऊ

कंधारहून निघालात की आधी नांदेड, मग वसमत आणि पुढे औंढा नागनाथ. नागनाथाच्या दर्शनासाठी हा रस्ता आपल्याकडच्या बहुतेक घरांनी कधी ना कधी केलेला असतो. याच औंढ्याजवळ, हिंगोली जिल्ह्यात, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्या २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीतून तिची पायाभरणी केली. २०३० पर्यंत काम पूर्ण करायचं असं उद्दिष्ट ठेवलेलं आहे.

तेव्हापासून एक प्रश्न हमखास कानावर येतो: "तिथं ब्लॅक होल तयार करणार म्हणे?" तर नाही. तिथं काहीही तयार होणार नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी, कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर, दोन ब्लॅक होल एकमेकांवर आदळले, त्याचा जो हादरा आज पृथ्वीपर्यंत पोचतोय तो टिपायचं हे यंत्र आहे. धोका शून्य. पण ज्याचा हादरा टिपायचा ती वस्तू मुळात येते कुठून? ती लहान-मोठी का असते? आणि लहानाची मोठी होते कशी? या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर शास्त्रज्ञांकडे बऱ्यापैकी पक्कं आहे. तिसऱ्यावर मात्र अजून जोरदार वाद चालू आहे, आणि खरी गंमत तिथंच आहे.

ब्लॅक होलला मराठीत कृष्णविवर म्हणतात. या शब्दाशी मराठी वाचकाचं एक जुनं नातं आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखक: नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उघड झालं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. तेव्हा कृष्णविवर ही गोष्ट बहुतांश कागदावरची होती. आज त्यांची छायाचित्रं आहेत, वजनं मोजलेली आहेत आणि टकरींची नोंदवही आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू

नावात विवर असलं तरी ते भोक नाही. आणि ते व्हॅक्यूम क्लीनरसारखं आजूबाजूचं सगळं ओढूनही घेत नाही. ते म्हणजे भरपूर वजन फार छोट्या जागेत कोंबलेली वस्तू. इतकी छोटी जागा, की एका ठरावीक अंतराच्या आत गेलं तर प्रकाशालाही बाहेर पडता येत नाही. त्या सीमेला घटनाक्षितिज म्हणतात. ही सीमा किती मोठी, हे फक्त वजनावर (आणि थोडंफार स्वतःभोवती फिरण्याच्या वेगावर) ठरतं. हिशेब सोपा आहे: एका सूर्याइतक्या वजनाला साधारण ३ किलोमीटर त्रिज्या. दहा सूर्य असतील तर ३० किलोमीटर. पृथ्वीचं कृष्णविवर करायचं झालं तर सगळी पृथ्वी दाबून साधारण ९ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळीत बसवावी लागेल. गोट्या खेळायची गोटी असते ना, तेवढी.

आता समजा उद्या सूर्याच्या जागी सूर्याच्याच वजनाचं कृष्णविवर आलं. काय होईल? अंधार होईल, थंडीनं आपण मरू, पण पृथ्वी आत ओढली जाणार नाही. ती आहे त्याच कक्षेत फिरत राहील, कारण ओढ वजनावर आणि अंतरावर अवलंबून असते आणि ती दोन्ही बदललेली नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा. कृष्णविवराला काही खाऊ घालणं किती अवघड असतं ते यातूनच पुढे कळेल.

छोटी कृष्णविवरं: ताऱ्याच्या मरणातून

तारा म्हणजे कायम चाललेली रस्सीखेच. स्वतःच्या वजनानं तो आत कोसळायला बघतो, आणि पोटात चाललेल्या अणुभट्टीची उष्णता त्याला आतून फुगवून धरते. हायड्रोजन जळून हेलियम होतो, हेलियम संपत आला की कार्बन, मग निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन. गंमत म्हणजे प्रत्येक पुढची पायरी आधीपेक्षा भयंकर घाईत संपते. सूर्याच्या २५ पट वजनाचा तारा हायड्रोजनवर सुमारे ७० लाख वर्षं काढतो. कार्बनवर काही शे वर्षं. आणि सिलिकॉनवर साधारण एक दिवस.

सिलिकॉन जळून गाभ्यात लोखंड जमतं आणि इथं गाडी अडते. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही, उलट द्यावी लागते. भट्टी विझली. गाभ्याला आता एकच आधार उरतो, इलेक्ट्रॉन एकमेकांत घुसायला जो नकार देतात त्याचा दाब.

हा आधार किती वजन पेलू शकतो? १९३० च्या जुलैअखेरीस मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघालेल्या १९ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी प्रवासातच हे गणित मांडायला घेतलं. उत्तर आलं: सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्याच्या वर गेलं की हा आधार तुटणारच. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत त्या काळचे सर्वांत वजनदार खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी ही कल्पना जाहीरपणे उडवून लावली. निसर्ग ताऱ्याला असलं वेडगळ वागू देणार नाही, असा त्यांचा सूर होता. एडिंग्टन चुकले होते. पण तरुण माणसाच्या बरोबर गणितापुढे मोठ्या माणसाचा चुकीचा शब्द बरीच वर्षं भारी ठरला, हेही खरं. चंद्रशेखर यांना नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये.

तर लोखंडी गाभा या मर्यादेबाहेर गेला की एका सेकंदाच्या आत कोसळतो. पुढे दोन शक्यता. गाभा कोसळताना न्यूट्रॉनच्या पातळीवर जाऊन थांबला, तर बाहेरचे थर उधळून सुपरनोव्हा होतो आणि मागे न्यूट्रॉन तारा उरतो: व्यास २०–२५ किलोमीटर, म्हणजे कंधार आणि लोहा हे दोन तालुके मिळून आरामात मावेल एवढा, आणि वजन सूर्यापेक्षाही जास्त. पण न्यूट्रॉनच्या आधारालाही मर्यादा आहे, सूर्याच्या सव्वादोन पटीच्या आसपास. त्याहून जास्त माल गाभ्यात असेल किंवा स्फोटात वर उडालेला माल परत खाली पडला, तर थांबवणारं काहीच उरत नाही. ते कृष्णविवर होतं. साधारणपणे जन्मावेळी सूर्याच्या २०–२५ पटींहून जड असलेल्या ताऱ्यांच्या नशिबी हे असतं असं मानतात. आपला सूर्य या यादीत बसतच नाही. तो शेवटी श्वेतबटू होऊन निवांत थंड पडेल.

इथं एक बारकावा आहे, तो बरेच लेख गाळतात. तारा जन्मला तेवढ्या वजनाचा मरत नाही. जड ताऱ्यांवरून सतत वारे सुटतात आणि तो आयुष्यभर झिजत राहतो. ताऱ्यात लोखंडासारखी जड मूलद्रव्यं जितकी जास्त, तितके हे वारे जोरदार. म्हणून विश्वाच्या सुरुवातीच्या काळातले, जवळजवळ निव्वळ हायड्रोजन-हेलियमचे तारे मरताना जास्त वजन राखून असत आणि त्यांची कृष्णविवरंही भारी होत. आपल्या आकाशगंगेत सूर्याच्या ३३ पट वजनाचं एक कृष्णविवर २०२४ मध्ये गाया या युरोपीय दुर्बिणीच्या नोंदींतून सापडलं. त्याच्याभोवती फिरणारा जोडीदार ताराही असाच जड मूलद्रव्यांत गरीब निघाला. हिशेब जुळतो.

वाढीचा पहिला मार्ग: खाणं

जन्माला आलं की कृष्णविवर वाढतं दोनच रीतींनी. एक, वायू-धूळ-तारे गिळून. दोन, दुसऱ्या कृष्णविवरात मिसळून.

गिळणं सोपं वाटतं, पण तसं नाही. खळ्यात मधल्या खांबाला बांधलेले बैल आठवा. ते खांबाभोवती फिरतात, खांबावर जाऊन आदळत नाहीत. वायूचंही तसंच. तो थेट आत पडत नाही, फेर धरतो. आत यायचं तर फिरकी कमी व्हायला हवी, आणि ती कमी होते शेजारच्या थरांशी घासून. या घासण्यात वायूची तबकडी लाखो अंश तापते आणि क्ष-किरण फेकू लागते. कृष्णविवर स्वतः काळं, पण त्याचं जेवणाचं ताट विश्वातल्या सर्वांत झगझगीत गोष्टींपैकी एक असतं. सूर्याची अणुभट्टी हायड्रोजनच्या वजनाचा फक्त ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलते. ही तबकडी १० टक्के सहज बदलते, कृष्णविवर जोरात फिरत असेल तर आणखी जास्त.

जोडीदार ताऱ्याचा वायू ओरबाडून खाणारी अशी कृष्णविवरं आपल्या आकाशगंगेत आहेत. सिग्नस एक्स-१ हे त्यातलं गाजलेलं. वजन सूर्याच्या २१ पट, अंतर सुमारे ७,२०० प्रकाशवर्षं. जीआरएस १९१५+१०५ हे दुसरं, सूर्याच्या साधारण १२ पट. त्याचे क्ष-किरण कधी कधी हृदयाच्या ठोक्यासारखे ठरावीक तालात वाढतात-घटतात. भारताच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहानं या दोघांचाही अभ्यास केला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आणि पुण्याच्या आयुकाची माणसं त्या उपग्रहामागे होती.

आणि खाण्याला वेगमर्यादाही आहे. जेवण जितकं जोरात चालेल, तितका प्रकाश जास्त, आणि तो प्रकाशच येणाऱ्या वायूला बाहेर ढकलतो. चुलीत एकदम जास्त लाकडं कोंबली की धगीमुळे जवळ बसवत नाही, तसं. या मर्यादेला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. होय, तेच एडिंग्टन. कृष्णविवर होऊच शकत नाही म्हणणाऱ्या माणसाचं नाव आज कृष्णविवराच्या भुकेच्या मापाला चिकटलं आहे.

दुसरा मार्ग: मिसळणं

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. एक सूर्याच्या ३६ पट, दुसरं २९ पट. बेरीज ६५. मिसळून झालेलं कृष्णविवर मात्र ६२ चं. मग तीन सूर्य गेले कुठे? ते सेकंदाच्या छोट्या भागात लहरींच्या रूपानं उधळले गेले. पृथ्वीवर पोचेपर्यंत त्या लहरी इतक्या क्षीण झाल्या, की चार किलोमीटर लांबीच्या नळीत प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही कितीतरी लहान फरक पडला.

एवढासा फरक गोंगाटातून ओळखायचा कसा? माळेगावच्या जत्रेत चहूबाजूंनी आरडाओरडा चालू असतानाही आपल्या माणसाची हाक आपल्याला कळते, कारण तो आवाज आधीपासून डोक्यात बसलेला असतो. इथंही तेच करतात. टक्कर झाली तर लहर कशी दिसेल याचे हजारो नमुने आधी गणितानं तयार ठेवायचे आणि आलेल्या नोंदीशी ताडून बघायचे. पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमारास, म्हणजे पहिली लहर सापडण्याच्या चोवीस वर्षं आधी, या पद्धतीचा पाया घालणारं काम केलं. औंढ्याची वेधशाळा अचानक आभाळातून पडलेली नाही. तिच्यामागे महाराष्ट्रातली एवढ्या वर्षांची मेहनत आहे.

मिसळताना वजन थोडं उधळलं जातं, पण एक गोष्ट कधीच कमी होत नाही: घटनाक्षितिजाचं क्षेत्रफळ. हे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांनी बद्री कृष्णन यांच्यासोबत २००२ पासून याच्या पुढची पायरी गाठली. आत पडणाऱ्या ऊर्जेनं क्षितिज नेमकं किती वाढतं, याचं सूत्र त्यांनी दिलं. हे सगळं कागदावर होतं. मग १४ जानेवारी २०२५ ला एक फार स्पष्ट लहर आली, जीडब्ल्यू २५०११४. टक्कर होण्याआधी दोन्ही कृष्णविवरांचं मिळून क्षेत्रफळ होतं सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर. टक्कर झाल्यावर सुमारे ४ लाख. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे आधी महाराष्ट्रापेक्षा लहान, नंतर महाराष्ट्रापेक्षा मोठं. कृष्णविवर वाढलं म्हणजे काय झालं, याचं यापेक्षा सोपं चित्र मला सापडलेलं नाही.

आता एक कोडं. गणित सांगतं की सूर्याच्या साधारण ६० ते १३० पट वजनाचं कृष्णविवर एका ताऱ्याच्या मरणातून होऊ नये. तेवढ्या जड ताऱ्याचा गाभा इतका तापतो की प्रकाशातून कणांच्या जोड्या तयार व्हायला लागतात, आतला दाब ढासळतो आणि अख्खा तारा मागे काहीही न ठेवता फुटून जातो. मग २१ मे २०१९ ला आलेल्या लहरीत ८५ आणि ६६ सूर्यांची कृष्णविवरं मिसळून १४२ सूर्यांचं कसं झालं? आणि २३ नोव्हेंबर २०२३ च्या लहरीत तर साधारण १०० आणि १४० मिसळून २२५ झालं. बऱ्याच जणांच्या मते ही दुसऱ्या पिढीची कृष्णविवरं आहेत. म्हणजे ती ताऱ्यापासून नव्हे, तर आधीच मिसळलेल्या कृष्णविवरांपासून झालेली. ताऱ्यांच्या दाट गर्दीत असं होऊ शकतं. ते पटण्यासारखं आहे, पण अजून सिद्ध झालेलं नाही.

अवाढव्य कृष्णविवरं: मुद्दल मोठं की व्याज?

आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी, सुमारे २६–२७ हजार प्रकाशवर्षांवर, सॅजिटेरियस ए-स्टार हे कृष्णविवर आहे. वजन सुमारे ४३ लाख सूर्य. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठलाग करून ते वजन मोजलं गेलं आणि त्याबद्दल राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं. रॉजर पेनरोज यांचाही त्यात वाटा होता. पण एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवरापुढे आपलं अगदीच किरकोळ. त्याचं वजन ६५० कोटी सूर्य. १० एप्रिल २०१९ ला जगानं पाहिलेलं ते केशरी कड्याचं पहिलं छायाचित्र याचंच. आपली सूर्यमाला प्लुटोसकट त्याच्या क्षितिजात सहज बुडेल.

मोठ्या दीर्घिका बघाल तिथं मध्यभागी असं एखादं धूड बसलेलंच असतं. हे झाले कसे?

सावकारी भाषेत बोलू, कारण ती आपल्याकडे सगळ्यांना कळते. कृष्णविवर वेगमर्यादेत राहून सतत खात राहिलं तर त्याचं वजन साधारण साडेतीन कोटी वर्षांत दुप्पट होतं. हे झालं चक्रवाढ व्याज. आता मुद्दल धरा १०० सूर्य, म्हणजे पहिल्या पिढीतल्या एखाद्या ताऱ्यानं मागे ठेवलेलं कृष्णविवर. त्याचे १६० कोटी सूर्य करायचे तर २४ वेळा दुप्पट व्हावं लागेल. २४ गुणिले साडेतीन कोटी: ८४ कोटी वर्षं, तीही एक दिवस उपवास न करता.

१६० कोटी हा आकडा मी उगाच नाही घेतला. जे०३१३–१८०६ नावाच्या क्वेसारमध्ये एवढ्या वजनाचं कृष्णविवर सापडलं आहे, आणि ते दिसतं महास्फोटानंतर फक्त ६७ कोटी वर्षांनी. त्यात पहिले तारे पेटायलाच १० ते २० कोटी वर्षं गेली असावीत. म्हणजे हाताशी उरली पन्नास कोटींच्या आसपास. ८४ कोटींचं व्याज ५० कोटींत कसं जमलं?

एक उत्तर असं, की मुद्दलच मोठं होतं. विश्वाच्या सुरुवातीला काही ठिकाणी वायूचा प्रचंड ढग तुटून तारे होण्याऐवजी एकसंध आक्रसत गेला आणि थेट दहा हजार ते एक लाख सूर्यांचं कृष्णविवर झाला. ताऱ्याचा सुपरनोव्हा वगैरे भानगडच नाही. एक लाखापासून सुरुवात केली तर १६० कोटींना १४ वेळाच दुप्पट व्हावं लागतं. म्हणजे ४९ कोटी वर्षं. काठावर का होईना, बसतं. येल विद्यापीठातल्या कोइंबतूरच्या प्रियंवदा नटराजन हे मत बऱ्याच वर्षांपासून मांडत आल्या आहेत. अशी मोठ्या मुद्दलाची कृष्णविवरं सुरुवातीला आपल्या दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांच्या तोडीची दिसतील, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. एरवी मोठं कृष्णविवर आपल्या दीर्घिकेच्या ताऱ्यांपुढे हजारात एक इतपतच असतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये जेम्स वेब आणि चंद्रा या दोन दुर्बिणींनी मिळून युएचझेड१ शोधलं. महास्फोटानंतर अवघ्या ४७ कोटी वर्षांनंतरचं ते कृष्णविवर जवळजवळ दीर्घिकेइतकंच जड निघालं. (चंद्रा हे नाव चंद्रशेखर यांच्यावरूनच ठेवलेलं आहे.)

दुसरं उत्तर: मुद्दल लहानच होतं, पण व्याजदर कधी कधी मर्यादेबाहेर गेला. म्हणजे एडिंग्टन मर्यादा काही काळ मोडली. तसं एक उदाहरणही २०२४ मध्ये पुढे आलं. एलआयडी–५६८ हे कृष्णविवर मर्यादेच्या सुमारे ४० पट वेगानं खाताना दिसलं. पण ही मेजवानी किती काळ चालते, हा प्रश्न राहतोच.

तिसरं उत्तर असंही देतात, की महास्फोटानंतरच्या पहिल्या क्षणांत, तारे जन्मायच्या आधीच, काही आदिम कृष्णविवरं थेट झाली असावीत. कल्पना आकर्षक आहे, हॉकिंग यांनीही तिच्यावर काम केलं, पण असं एकही कृष्णविवर खात्रीनं सापडलेलं नाही. समाजमाध्यमांवर याच्याबद्दल जेवढा गाजावाजा होतो, तेवढा पुरावा तिच्यामागे नाही.

माझा कल मोठ्या मुद्दलाकडे आहे, पण तो कलच. मधल्या वजनाची, म्हणजे शंभर ते लाख सूर्यांची कृष्णविवरं भरपूर सापडली असती तर निकाल लवकर लागला असता. ती मात्र फारच थोडी सापडतात. ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छात किमान ८,२०० सूर्यांचं एक असल्याचा पुरावा २०२४ मध्ये मिळाला. सात तारे तिथं इतक्या वेगानं पळताहेत, की मध्ये काहीतरी जड असल्याशिवाय ते गुच्छातून कधीच निसटले असते.

खोडदच्या तबकड्या काय सांगतात

हे धूड खात-खात आपलंच जेवण उधळतं, हेही बघायला मिळालं आहे आणि त्यात आपल्या राज्याचा हात आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. जीएमआरटी आणि इतर दुर्बिणींच्या नोंदी जुळवून २०२० मध्ये कळलं, की सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षं दूर ऑफियुकस दीर्घिकासमूहात एका कृष्णविवरानं मारलेल्या झोतानं भोवतालच्या तप्त वायूत राक्षसी पोकळी पाडली आहे. आपल्यासारख्या १५ आकाशगंगा ओळीनं ठेवल्या तरी तीत मावतील एवढी. वायू असा दूर लोटला गेला की पुढचं खाणंही आटतं. वाढ थांबण्याचं हे एक मोठं कारण.

दुसरी गोष्ट त्याहून ताजी. दोन दीर्घिका मिसळल्या की त्यांची मध्यवर्ती कृष्णविवरंही एकमेकांभोवती फेर धरतात. त्यांच्या लहरी इतक्या संथ असतात की एक लाट पूर्ण व्हायला वर्षं लागतात. चार किलोमीटरची नळी इथं निरुपयोगी. त्यासाठी अख्खी आकाशगंगाच यंत्र म्हणून वापरतात: घड्याळासारखे नेमाने ठोके देणारे दूरचे पल्सार तारे वर्षानुवर्षं मोजायचे आणि ठोके किंचित मागे-पुढे होतात का ते बघायचं. २९ जून २०२३ रोजी जगभरच्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की अशा लहरींच्या संथ गुणगुणीचा पुरावा मिळाला आहे. युरोपच्या गटासोबत भारतीय गट होता, आणि त्याच्या नोंदी खोडदच्या होत्या. ही गुणगुण बहुधा अवाढव्य कृष्णविवरांच्या असंख्य जोड्यांची आहे. म्हणजे तीही मिसळून वाढतात.

औंढ्याचं यंत्र यात काय भर घालणार?

आज अमेरिकेत दोन यंत्रं आहेत, इटलीत एक, जपानमध्ये एक. लहर कुठल्या दिशेनं आली हे कळतं ती वेगवेगळ्या यंत्रांपर्यंत किती हजारांश सेकंदांच्या फरकानं पोचली त्यावरून. यंत्रं जितकी लांब-लांब, तितकी दिशा नेमकी. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची दिशा तीन यंत्रांच्या मदतीनं बरीच अचूक मिळाली आणि मग जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळवून त्या टकरीचा उजेडही पाहता आला. पृथ्वीच्या नकाशावर औंढा अमेरिकेपासून भरपूर दूर आणि इटली-जपानच्या मधोमध आहे. म्हणून ही जागा मोलाची.

यंत्राला शांतता लागते. ट्रक, रेल्वे, समुद्राच्या लाटा, सगळं त्याला जाणवतं. मोठ्या शहरांपासून आणि किनाऱ्यापासून दूर असणं ही हिंगोलीची जमेची बाजू. भूकंप म्हटलं की लातूर-नांदेडकडे ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते, आणि २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली-नांदेडला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले तेव्हा वेधशाळेचं काय, हा प्रश्न साहजिक होता. एखादा धक्का यंत्राचं काम काही काळ बंद पाडतो; अमेरिकेतल्या यंत्रांनाही दूरच्या भूकंपांमुळे असा खाडा पडतो. पण रोजची बारीक थरथर किती, ते जास्त महत्त्वाचं. ती कमी करायला आरसे एकाखाली एक अशा लोलकांवर टांगलेले असतात.

पुण्याचं आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि इंदूरचं राजा रामण्णा केंद्र मिळून हे काम करत आहेत. औंढ्याचं यंत्र ऐकेल ती कृष्णविवरं सूर्याच्या काही पटीपासून काही शे पटीपर्यंतची. कोट्यवधी सूर्यांच्या जोड्यांची गुणगुण खोडदच्या तबकड्यांकडे. या दोघांच्या मधली, लाख ते कोटभर सूर्यांची टक्कर मात्र जमिनीवरून ऐकूच येत नाही. तिच्यासाठी युरोपची लिसा ही तीन यानांची वेधशाळा आहे. तिला जानेवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०३५ मध्ये ती अवकाशात सोडायची आहे. मुद्दल मोठं होतं की लहान, याचा थेट हिशेब तिच्याच नोंदींत लागण्याची शक्यता सर्वांत जास्त.